घरी गेले की पाहुणी झाल्यासारखे वाटते

पत्र : मी वीस वर्षांची असून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचे गाव सत्तरी तालुक्यात आहे. यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दीड दिवसाची सवड मिळाली म्हणून मूळ घरी गेले. दरवर्षी गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना बाबांच्या हातात एकेक फळ मीच देत असे. यंदा ते काम चुलतभावाने केले आणि आई मला म्हणाली, "तू दमली आहेस, आत जाऊन नीज." आतेबहिणीचे लग्न ठरल्याचे मला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळले. शेजारची आजी श्रावणात वारल्याचे तिच्या अंगणात उभी असताना समजले, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशाने?" तिच्या सुनेचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. हॉस्टेलवर परतले, तर तिथेही बोलणे इंटर्नल, हजेरी आणि पोस्टिंग यांच्यापलीकडे जात नाही. पूर्वी माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली आला की पडलेल्या नारळांचा हिशेब वहीत मीच लिहायचे. आता बाबांच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, काय चालले आहे, ते मला ठाऊकही नसते. मी माणसांच्या जगण्यापासून तुटत चालले आहे का? शिक्षण संपले की हे आपोआप ठीक होईल का?
– एक विद्यार्थिनी, सत्तरी

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. हे आपोआप ठीक होत नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप, मग पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, जिच्या तयारीत पुष्कळांचे एखाद-दुसरे वर्ष जाते, नंतर एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे आणि पुढे अतिविशेष शाखा घेतलीच तर आणखी तीन, असा हा रस्ता आहे. अठराव्या वर्षी या रस्त्याला लागलेली मुलगी "आता मी जगायला मोकळी झाले" असे म्हणेपर्यंत तिशी ओलांडून गेलेली असते. "एवढी परीक्षा होऊ दे, मग घरी लक्ष घालीन" हे वाक्य मी स्वतः शिकत असताना दर सहा महिन्यांनी म्हटले आहे आणि ते म्हणताना मला प्रत्येक वेळी मनापासून खरेच वाटत होते. म्हणून तुला जे करायचे आहे ते याच वर्षी, पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीचे ओझे डोक्यावर असतानाच सुरू करावे लागेल, आणि म्हणूनच ते अगदी लहान असले पाहिजे.

त्याआधी तुझ्या त्या "कशाने?" बद्दल बोलू, कारण पत्रातला सर्वांत दुखरा भाग मला तोच वाटला. आपल्या गावांत कुणी गेल्याची बातमी आली की सगळेच "कशाने गेली?" असे विचारतात. तुझी आई विचारते, पाव घेऊन सायकलवरून येणारा पोदेरही विचारतो. त्यामुळे प्रश्न चुकीचा नव्हता. फरक पडतो तो उत्तर मिळाल्यानंतर. तुझी आई उत्तर ऐकून पायरीवर बसली असती, "मागच्या चवथीला तिनेच मला पातोळ्यांना हळदीची पाने दिली होती" असे काही म्हणाली असती आणि सुनेला रडायला वाट करून दिली असती. तुझ्या डोक्यात मात्र उत्तर ऐकताच वय, रक्तदाब, मधुमेह, किती दिवस ताप, अशी रांग लागली असणार, कारण गेले कित्येक महिने रोज सकाळी वॉर्डात तुला नेमकी हीच सवय लावली जात आहे. केस घेताना तक्रार, कालावधी, पूर्वीचे आजार, घरातले आजार हे क्रमाने विचारायला शिकलेले मन अंगणात उभे राहिल्यावर लगेच थांबत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांची सहानुभूती रुग्णांशी प्रत्यक्ष संबंध येऊ लागतो त्याच सुमारास कमी होताना दिसते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा हे तुझ्या एकटीच्या स्वभावाचे वैगुण्य समजू नकोस. तुला लाज वाटली, सुनेचा चेहरा तू पाहिलास आणि इतक्या दिवसांनी पत्रात लिहिलास, यावरून मला तरी तुझे मन कोरडे झाल्याचे दिसत नाही.

आता त्या दीड दिवसाकडे येऊ. तुझ्या घरच्यांनी तुला प्रेमानेच पाहुणी केले आहे, आणि त्यात थोडा हात तुझाही असावा असे मला वाटते. हे मी अनुभवाने सांगते. आम्ही शिकत होतो तेव्हा महाविद्यालय पणजीत मांडवीच्या काठी होते. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा तो वारसा. ती जुनी इमारत आज इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे लोकांना ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी मी घरी बजावून ठेवले होते की परीक्षा संपेपर्यंत मला कसलाही निरोप पाठवू नका, माझे लक्ष उडते. शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी वडील फोंड्याहून बसने आले. हातात डबा होता. नदीकाठच्या कठड्यावर बसून त्यांनी मला आधी जेवू घातले आणि मग सांगितले की आजोबा चार दिवसांपूर्वी गेले. डब्यात त्या दिवशी मुगागाठी होती आणि ती थंडगार झाली होती, इतके मला स्वच्छ आठवते. मी त्यांच्यावर फार रागावले. पुढे कित्येक वर्षांनी माझ्या ध्यानात आले की त्यांनी माझ्याच शब्दाचा मान राखला होता. मी घराला सांगितले होते की मला वगळा, आणि घराने ते ऐकले.

"तू दमली आहेस, आत जाऊन नीज" हे तुझ्या आईचे वाक्य मला त्याच जातीचे वाटते. तुझ्यासमोर घरगुती गोष्टी बोलायच्या नाहीत, तुला काम सांगायचे नाही, वाईट बातमी परीक्षेनंतर द्यायची, असा एक अलिखित नियम तुमच्या घरात झालेला असणार. तो तुलाच मोडावा लागेल, आणि त्यासाठी नुसते रुसून चालणार नाही, शब्दांत सांगावे लागेल. आईला स्पष्ट सांग की कुणी आजारी असेल, कुणी गेले, कुणाचे ठरले, तर मला त्याच दिवशी कळले पाहिजे, मला येता येत नसले तरीही. त्यामुळे एखाद्या संध्याकाळचे अभ्यासाचे तास जातील. ते जाऊ देत. तेवढ्याने कुणी नापास होत नाही, हे मी पुष्कळ मुलांना शिकताना पाहून सांगते.

यापुढचा सल्ला हा या पत्रातला मुख्य सल्ला आहे. तू लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटली ती नारळांची वही. ती परत माग. तू लांब आहेस म्हणून हिशेब लिहिता येत नाही, असे मुळीच नाही. पाडेली आला की बाबांनी संध्याकाळी फोन करावा, कोणत्या माडाचे किती पडले, किती विकले, किती घरात ठेवले, पाडेलीला प्रत्येक माडामागे किती दिले, हे सांगावे आणि तू ते तुझ्याकडच्या वहीत लिहावेस. माड साधारण दीड-दोन महिन्यांनी पाडतात, म्हणजे वर्षाकाठी हे काम सहा-आठ वेळाच येईल. सुपारीचा हंगाम आला की तेही त्यात लिही. आकडे लिहिता लिहिता बाबा आपोआप सांगतील की वरच्या बाजूच्या माडाचे नारळ माकडांनी कोवळेच टाकले, यंदा पावसाने सुपारीला कोळे रोग लागला, पाडेलीच्या मुलाने हे काम सोडून कारखान्यात नोकरी धरली आणि आता म्हाताऱ्यानंतर माडावर कोण चढणार याची काळजी आहे. "घरी सगळे ठीक ना?" असे विचारले की "ठीक" एवढेच उत्तर येते. हिशेब विचारला की सगळे घर बोलू लागते. दुसरे म्हणजे ती वही तुझ्याकडे असली की घराला तुझी गरज पडेल, आणि पाहुण्याची कुणाला गरज पडत नाही.

मात्र हे काम वैद्यकीय नसावे, याबद्दल माझा आग्रह आहे. घरची माणसे तुला आजच डॉक्टर करून टाकतील, बहुधा टाकलेही असेल. मामाचा लिपिडचा रिपोर्ट, मावशीच्या गुडघ्याचा एक्स-रे, कुणाच्या तरी शेजाऱ्याची ईसीजीची पट्टी, हे सगळे फोनवर येते आणि जवळीक वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात त्या क्षणी समोरचा माणूस तुझ्याशी बोलत नसतो, तुझ्या भावी पदवीशी बोलत असतो. शिवाय वैद्यकीय परिषदेची नोंदणी मिळेपर्यंत तुला औषध सुचवण्याचा अधिकारही नाही. "मी अजून विद्यार्थिनी आहे, फॅमिली डॉक्टरांना दाखवा" हे उत्तर नम्रपणे देण्यासारखे आहे आणि खरेही आहे. त्यालाच जोडून "मामा, तुमच्या भजनी मंडळाचे काय चालले आहे?" असे विचारायला विसरू नकोस.

तू पत्रात लिहिले नाहीस, पण या तुटलेपणाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट असते. पहिल्या वर्षी तू डिसेक्शन टेबलाशी उभी राहिलीस. या वर्षी वॉर्डात कुणाचा तरी शेवटचा श्वास तू पाहिला असशील, किंवा बालरोग विभागात एखाद्या आईला तिच्या मुलाबद्दल काय सांगितले गेले ते दारात उभी राहून ऐकले असशील. हे तुझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी पाहिलेले नाही, आईनेही नाही. मग घरी जेवताना "काय म्हणते कॉलेज?" असे कुणी विचारले की आपण "बरे चालले आहे" म्हणतो, कारण एवढे सगळे सोलकढी वाढता वाढता कसे सांगायचे? आणि एकदा "बरे चालले आहे" म्हणायची सवय लागली की आपणच दार लावून घेतलेले असते. रुग्णाची गोष्ट घरी सांगू नये, हे तुला शिकवलेच आहे आणि ते पाळलेच पाहिजे. आपले गोवे इतके लहान आहे की नाव गाळले तरी गाव आणि वय ऐकून माणूस ओळखू येतो. पण तुझे स्वतःचे जे झाले, ते सांगायला कोणतीही आडकाठी नाही. "आज एका माणसाचा हात धरून उभी होते आणि मला भीती वाटली," एवढे आईला सांगता येते. तिला त्यावर काय बोलावे ते कदाचित सुचणार नाही. ती "जेवलीस का?" असे विचारील. ते तिचे उत्तर आहे असे समज, आणि काय जेवलीस ते तिला नीट सांग.

तुला आणखी एक गोष्ट पटवून द्यायची आहे. ज्या रोजच्या जगण्यापासून तू तुटते आहेस असे म्हणतेस, ते तुझ्या शिक्षणाच्या बाहेरची चैन नव्हे. २०१५ मध्ये तुमच्याच सत्तरीत, पाळी गावात, माकडतापाचे रुग्ण आढळले. तो विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात प्रथम सापडला आणि गोचिडीच्या चाव्यातून तो माणसात शिरतो, हे तू मायक्रोबायोलॉजीत वाचशीलच. परंतु काजूच्या हंगामात बाई सकाळी किती वाजता बागेत शिरते, पालापाचोळ्यात बसून बोंडू कसे वेचते, जळणासाठी सुकी पाने गोळा करून कुठे ठेवते, ही माहिती तुझ्या बॅचमधल्या शहरी मुलांना पुस्तकातून मिळणार नाही. ती तुझ्याकडे लहानपणापासून आहे. तापाने फणफणलेली एखादी बाई समोर आली तर "धंदा काय?" या रकान्यात "गृहिणी" एवढेच लिहून पुढे जायचे नाही, हे तुला कळेल, मात्र गावाशी बोलणे चालू राहिले तरच. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात संवाद आणि वृत्ती यांचे स्वतंत्र पाठ आले, नंतर विद्यार्थ्याने गावातले कुटुंब दत्तक घेऊन त्याच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याचा उपक्रम आला आणि मंडूरसारख्या ग्रामीण आरोग्य केंद्रांत विद्यार्थ्यांना नेले जाते, त्यामागचा हेतूही हाच आहे. पुष्कळ मुले त्या भेटी लॉगबुकावर सही मिळवण्यापुरत्या उरकतात. तू तशा उरकू नकोस. दत्तक कुटुंबाच्या घरी गेलीस की वजन-उंची-रक्तदाब लिहून झाल्यावर वही मीट आणि दहा मिनिटे नुसती बस. त्या घरची आजी तुला काही ना काही सांगेलच.

हॉस्टेलबद्दल मी थोडक्यात लिहिते. परीक्षेखेरीज दुसरा विषय नसलेल्या टेबलावर जेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा कुणा मैत्रिणीला घेऊन पणजीच्या बाजारात जा आणि काहीतरी खरेच विकत घे, मग ती मुळ्याची जुडी असो की मेसच्या जेवणासोबत खायला तोरांचे लोणचे. भाव विचारल्याशिवाय भाव कळत नाहीत. एवढे पुरे.

आणि एक गोष्ट काळजीने लिहिते. तू लिहिले आहेस त्याला मी एकटेपण म्हणते, आजार म्हणत नाही. परंतु झोप उडणे, जेवण नकोसे होणे, आवडीच्या कशातच मन न लागणे, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज होत असेल, किंवा जगणेच नको असे विचार एकदाही आले असतील, तर नारळांच्या वहीने भागणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, सर्वेक्षणात भाग घेतलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७ टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे तुमच्या वर्गातल्या प्रत्येक बाकावर कुणीतरी असेल. बांबोळीतच मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. ओळखीचे कुणी पाहील या संकोचाने तिथे पाऊल टाकवत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. डॉक्टर होणाऱ्या मुलीने मदत मागू नये, असे कुणी म्हणाले तर ऐकू नकोस. दुखण्यावर औषध आहे हे ज्यांना सर्वांआधी ठाऊक असते, त्यांनीच ते अंगावर काढण्याचा प्रकार मी आमच्या व्यवसायात फार पाहिला आहे आणि त्यात जवळची माणसे गमावली आहेत.

हे सगळे करूनही काही गोष्टी हुकणारच आहेत. आतेबहिणीचा साखरपुडा हुकला तो हुकलाच. हजेरीचा नियम थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के आहे, त्यामुळे प्रत्येक बारशाला, प्रत्येक जत्रेला तुला जाता येणार नाही. कशाला जायचे ते वर्षारंभी आईबरोबर बसून ठरव आणि जे ठरेल त्याला परीक्षेइतकेच महत्त्व दे. माझ्या मते त्यात चवथ असावीच, आणि ती दीड दिवसाची असली तर आदल्या संध्याकाळी, माटोळीचे सामान बाजारातून येते त्या वेळेला, तू घरात असावेस. कवंडळे, आंबाडे, तोरिंगे, शिपटासकट सुपारी हे सगळे ओसरीवर पसरलेले असते, तेव्हाच कोण काय करणार ते ठरते. सकाळी पोचणाऱ्याच्या वाट्याला काम उरत नाही. चुलतभावाने तुझी जागा घेतली असे मनात धरू नकोस. तो तिथे होता, एवढेच झाले. पुढच्या वर्षी त्याला शिडीवर चढू दे आणि खालून फळे देण्याचे काम तू माग. माटोळीत कळलावीची लाल-पिवळी फुले असली तर त्याला सांग की संधिवाताच्या एका प्रकारावर देतात ते कोल्चिसिन या झाडातही असते आणि ते झाड विषारी आहे, म्हणून फुले बांधल्यावर हात धुवायचे. डॉक्टरकीची तेवढी एक गोष्ट त्या दिवशी चालेल.

पण त्यासाठी पुढच्या चवथीपर्यंत थांबू नकोस. पहिली रविवारची सुट्टी मिळेल तेव्हा वाळपईची बस पकड, आणि घरी पिशवी ठेवून आधी शेजारी जा. उशीर झाला आहे हे आजीच्या सुनेला सांग, त्या दिवशी मला काय बोलावे ते सुचले नाही हेही सांग. आजीची म्हणून तुझी एखादी आठवण असेल, तर ती सांग, अगदी साधी असली तरी. सून बहुधा चहा ठेवील. एखादे वेळी आत जाऊन ती आजीच्या आजाराचे कागद घेऊन येईल आणि तुझ्या हातात देईल, कारण तिच्याही मनात "कशाने?" हा प्रश्न राहिला असेल. मग ते कागद सावकाश वाच. पण चहा संपू दे, तोवर ते मांडीवरच असू देत.

तुझी,
सल्लागार ताई